भिंतीवरचा कोटवाला

मंगळवारी दुपारी आमच्या आष्ट्याच्या घरात एक जुना कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायला बसले. चौथी शिकलेली बाई मी, मला कुठली असली हौस… पण भिंतीवरच्या त्या कोटवाल्याला खाली उतरवायचं होतं.

कोटवाला म्हणजे आमचे मालक. गेल्या वर्षी वारले. घाईघाईत मतदान कार्डावरचा फोटो स्टुडिओत दिला, तर त्या शहाण्यानं मोठा करताना अंगात काळा कोट घातला, गळ्यात टाय बांधला आणि गालाला लाली लावली.

मालकांनी उभ्या जन्मात कोट घातला नाही, लग्नातसुद्धा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं त्यांचं काम. अंगात बनियन आणि हाताला वार्निश. आणि मी वर्षभर रोज सकाळी कुणा बँकेतल्या साहेबाला उदबत्ती लावतेय…

वर्षश्राद्ध जवळ आलं. म्हटलं, पाव्हणे यायच्या आत भिंतीवर खरा माणूस पाहिजे.

दुसरा फोटो असला तर कॅमेऱ्यातच. पोरानं जुना झाला म्हणून दिलेला. मालक तो कामाच्या शेडात घेऊन बसायचे, कशाचे फोटो काढायचे देव जाणे. काढायचे, मागच्या पडद्यावर बघायचे आणि परत कामाला.

ते गेल्यावर कपाट आवरताना कॅमेरा माझ्या हातून पडला, पडदा गेला. आतलं कार्ड काढून स्टुडिओत द्यावं, तर त्याचं दार सैल झालं म्हणून मालकांनीच सोल्युशन लावून कायमचं बुजवलेलं. मोटार काय, कॅमेरा काय, त्यांना सगळं एकच.

कॉम्प्युटरही पोराचाच जुना. त्यात त्यानं लिनक्स घालून दिलंय, म्हणे व्हायरस येत नाही. खरंय… या घरात काहीच येत नाही.

पोरगा बेंगलोरला असतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल कॉम्प्युटरपुढं धरला. त्याचा पहिलाच प्रश्न, "आई, केबल पूर्ण आत बसलीया नव्हं?"

"बसलीया की. मला काय आंधळी समजतोस?"

मग त्यानं एक काळा पडदा उघडायला लावला. तो एकेक इंग्रजी अक्षर सांगायचा, मी एका बोटानं शोधून दाबायची. जोडलेल्या वस्तूंची यादी आली, त्यात माउसचं नाव आलं, कीबोर्डचं आलं, कॅमेऱ्याचं काही येईना.

सेल बदलले. कॅमेरा बंद केला, चालू केला. कॉम्प्युटर बंद करून परत लावला, तर तो उठेपर्यंत करायचं काय, म्हणून पोरगा बोलत बसला. सुनेचा गुडघा, नातीची शाळा, तिकडचं पाणी… एरवी "जेवलीस का, गोळी घेतलीस का" की ठेवला फोन. मनात म्हटलं, राहू दे हा कॅमेरा असाच मुका.

पण श्राद्ध काय माझ्यासाठी थांबणार होतं? शेवटी चष्मा लावला आणि केबल घालायचं ते भोक उन्हाकडं धरलं. आत लालभडक!

दसऱ्याला मालक पक्कड, हातोडी, मीटर सगळं पाटावर मांडून पुजायचे, त्यात कॅमेराही. केबल कधी लावलीच नाही, मग त्या भोकावरच हळदकुंकू लावायचे. दरवर्षीचं आत थापून थापून दगड झालेलं. केबल बसलीच नव्हती, नुसती टेकली होती.

गोधडीच्या सुईनं कोरून काढलं. मी कपाळाला लावायचं सोडलं, आणि त्यांच्या बोटाचं कुंकू इथं बसून राहिलेलं… पुसून टाकलं. काम होतं.

"आई, मी पयलंच इचारलं हुतं," पोरगा म्हणाला.

"माझ्याशी काय भांडतोस? तुझ्या बापाला इचार जा."

या वेळी केबल खट्कन बसली. कॅमेऱ्याचं नाव आलं, फोटो उतरायला लागले. "झालं आई, मीटिंग हाय, ठेवतो." ठेवला.

मग एकटीच बघत बसले. मोटार. मोटार. मोटार… पोट फाडलेल्या नुसत्या मोटारी! उघडताना कुठली तार कुठं होती ते नंतर कळावं म्हणून काढलेले. माणसाचं तोंड एकातही नाही. त्यांचं नाही, माझंही नाही.

चार शिव्या घातल्या. पूर्वी एक घातली की शेडातून दुसरी परत यायची.

पण नीट बघितलं, तर एका फोटोत कडेनं हात आलेला. ही तार इकडं, म्हणून दाखवणारं बोट… वार्निशनं काळं, नख अर्धं गेलेलं. त्या बोटाला मी किती वेळा हळद लावून चिंधी बांधलीय.

तो एक फोटो पेन ड्राइव्हवर घ्यायला पोराला परत फोन करावा लागला. ते एक बरंच झालं.

स्टुडिओवाला म्हणाला, "आजी, ह्यात चेहरा कुठाय?"

"चेहरा मला पाठ हाय. तू हात मोठा कर. आन् त्याला कोटाची बाही लावशील तर बघ."

श्राद्धाला नणंद आली. फ्रेम बघून म्हणाली, "वैनी, आसला फोटो कोण लावतं भिंतीला?" म्हटलं, "कुणाचा हाय वळखलंस का न्हाई?" ती पदर डोळ्याला लावून आत गेली.

मालक कमी बोलायचे. चहा हवा असला की शेडाच्या दारातून नुसतं स्वयंपाकघराकडं बोट करायचे. फ्रेममधलं बोटही नेमकं तिकडंच वळलंय.

आज सकाळी फ्रेमखालून जाताना तोंडातून निघून गेलं, "आवं करते की, दम धरा जरा."

बोट काही खाली झालं नाही.