बर्फ कुटताना

एका ग्लासापुरता बर्फ मिक्सरमध्ये नीट फिरतच नाही. म्हणून भर दुपारी तो ओल्या पंच्यात गुंडाळला आणि धुण्याची मोगरी काढली. लिंबू पिळून, साखर विरघळवून, रम ओतून ठेवलीच होती. लिंबाच्या वासासरशी अकोल्याचं घर आठवलं.

असाच मे महिना, लाइट गेलेली, मिक्सर बंद. हे न्हाणीच्या दगडावर बर्फ कुटत होते. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी मला हाक मारली, "काय कुटून राहिली वं?"

रमचं नाव कोण घेणार? "तिखट," माझ्याऐवजी ह्यांनीच सांगितलं.

"मंग मलेही देजो वाटीभर."

संध्याकाळी ह्यांनी बाजारातून तिखट आणून त्यांना नेऊन दिलं. तोवर हसण्याच्या नादात आमच्या कॉकटेलचं पाणी झालं होतं. तेही आम्ही चवीनं प्यायलो.

हे गेल्यावर मी अमरावतीला आले. इथेही भिंतीपलीकडे माणसं आहेत, पण एसीमुळे सगळ्यांच्या खिडक्या बंद. कुटता कुटता मी थांबले, कानोसा घेतला. कोणी काही विचारलं नाही.

मग मोगरी आणखी जोरात घातली.