नेव्हिल ऑग्डनचं न पाहिलेलं मैदान

तुम्ही एखाद्या मैदानावर गेलात, तिकीट काढलंत, नव्वद मिनिटं गारठ्यात उभं राहून सामना पाहिलात आणि तो शून्य-शून्य सुटला, तर तुम्ही ते मैदान पाहिलं की नाही पाहिलं? पटकन उत्तर देऊ नका. "पाहिलं की, त्यात काय!" असं म्हणणारे भलेभले नेव्हिल ऑग्डनसमोर गप्प झालेत.

नेव्हिल अडुसष्ट वर्षांचा. पस्तीस वर्षं त्याने बस चालवली. निवृत्त झाला तेव्हा कंपनीने समारंभ करून घड्याळ दिलं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं म्हणून हा गडी तिसऱ्या दिवशी परत देऊन आला. असा माणूस. दर शनिवारी तो फुटबॉल बघायला बाहेर पडतो. टीव्हीवर दिसतं ते नव्हे. ज्या संघाचा गोलकीपर आठवडाभर छपरं शाकारतो, जिथे चेंडू कुंपणापलीकडच्या मेंढ्यांत गेला की मेंढ्यांचा मूड बघून सामना पुढे चालू होतो, ते फुटबॉल. कुठल्याही एका संघाशी त्याचं देणंघेणं नाही. त्याला मैदानं जमवायची असतात. वहीत आजवर अकराशे त्रेचाळीस जमली आहेत.

नियम तीन. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत हजर पाहिजे. त्या दिवशीचं छापील पत्रक विकत घेतलेलं पाहिजे. आणि निदान एक गोल झाला पाहिजे. कुणीही करो, कुणावरही होवो. गोल नाही तर मैदान वहीत नाही. "लग्नाला गेलो आणि नवरीच आली नाही, तर त्याला काय लग्न म्हणायचं?" असं तो विचारतो.

त्याची बायको ग्लेनिस म्हणते, "अकराशे मैदानं पाहिलीस, आपल्या मोरीतला गळका नळ एकदा पाहा." नळाला सात वर्षं झाली.

आणि किल्न लेनलाही सात वर्षं झाली. स्केलबी ब्रिकवर्क्स नावाच्या संघाचं हे मैदान, नेव्हिलच्या घरापासून चार मैल. स्कॉटलंडच्या टोकापर्यंत मैदानं पाहून आलेल्या या माणसाच्या वहीत घराजवळचं मैदान नाही! सात वेळा गेला, सातही वेळा शून्य-शून्य. तो नसतो तेव्हा तिथे पाच-चार, सहा-तीन असे सामने होतात. तो फाटकातून आत आला की गोलपोस्टना कुलूप लागतं. ब्रिकवर्क्सची माणसं त्याला तोंडावर पांढऱ्या पायाचा म्हणतात. चौथ्या वेळी तर पाहुण्या संघाच्या मॅनेजरने त्याच्याशी आदराने हात मिळवला होता.

यंदाच्या एप्रिलमधला तो शनिवार मात्र शेवटचा होता. जागेच्या मालकाने किल्न लेन बिल्डरला विकलं, आणि सोमवारी सकाळी खोदाईचं मशीन येणार म्हणून पाटी लागली. शंभर वर्षं वीटभट्टीच्या कामगारांनी तुडवून सपाट केलेली जमीन, तिच्यावर आता चाळीस घरं. वसाहतीचं नाव म्हणे 'टचलाइन गार्डन्स', मैदानाच्या कडेच्या रेषेवरून. आधी माणूस मारायचा आणि मग त्याचंच नाव रस्त्याला द्यायचं, ही या लोकांची जुनी खोड आहे.

म्हणजे नेव्हिलसाठी हिशोब सोपा होता. आज गोल झाला तर झाला. नाही तर वहीतलं राखून ठेवलेलं ते पान मरेपर्यंत कोरं.

फाटकाशीच डोरीनने त्याला पकडलं. डोरीन ही किल्न लेनवरच्या चहाच्या टपरीची मालकीण, राणी आणि हवालदार. एकतीस वर्षं तिथे चिप्सवर ग्रेव्ही ओततेय.

"आलास का राजा? शेवटच्या दिवशी तरी आमच्यावर दया करायची होतीस."

"तिकीट काढलंय मी."

"तिकीट काढ, चहा पी, आणि माझं ऐकशील तर भिंतीकडे तोंड करून उभा राहा. तू बघत नसलास तर होईल एखादा गोल."

"बघितला नाही तर धरता येत नाही," नेव्हिल म्हणाला. यात त्याला विनोदी काही वाटलं नाही.

सोबत कीथ पिकल्स होता, त्याचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र आणि तितक्याच वर्षांचा स्पर्धक. कीथ शून्य-शून्यही धरतो. त्याचा नियम एवढाच की सामन्यानंतर गोलपोस्टच्या आडव्या दांड्याला हात लावायचा. तो बुटका असल्यामुळे त्याला उडी मारावी लागते, आणि त्यापायी त्याचे दोन्ही गुडघे गेलेत. दोघंही एकमेकांना वेडे समजतात. दोघांचंही बरोबर आहे.

तीनला सामना सुरू झाला. समोर ऑडबी रोव्हर्स. एरवी साठ-सत्तर माणसं येतात, आज चारशेच्या वर होती. मैदान मरतंय म्हटल्यावर लोकांना प्रेम फुटतं, आधी कुठे मरायला गेलेले असतात कुणास ठाऊक. पहिल्या अर्ध्या तासात ब्रिकवर्क्सने दोनदा खांबाला चेंडू मारला. एक फटका गोलमध्ये जात असताना त्यांच्याच माणसाच्या पाठीला लागून बाहेर गेला. चारशे माणसांनी माना वळवून नेव्हिलकडे पाहिलं. नेव्हिल चिप्स खात होता.

"मी काय केलं?" तो म्हणाला.

"श्वास घेतोयस," मागून कुणीतरी म्हणालं.

बासष्टाव्या मिनिटाला कडेचा लाइनमन पळता पळता मांडी धरून बसला, तो उठेचना. रेफरी होती बेथनी नावाची तरुण मुलगी, आठवडाभर दातांच्या दवाखान्यात काम करणारी. ब्रिकवर्क्सचा मॅनेजर म्हणाला, आमचा एक माणूस झेंडा घेईल. ऑडबीचा मॅनेजर म्हणाला, "तुमचा माणूस? त्यापेक्षा तुमच्या गोलकीपरच्या आईलाच द्या ना!" मग ऑडबीचा माणूस सुचवला गेला. त्यावर जे बोललं गेलं ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी भोंग्यावरून आवाज आला, "गर्दीत कुणाकडे लाइनमनचा दाखला आहे का? दोघांपैकी कुणाच्याही बाजूचा नसलेला माणूस पाहिजे."

नेव्हिल बुटांकडे बघायला लागला. एकोणनव्वद साली त्याने परीक्षा दिली होती. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्यातली एक घरी नळाखाली बादली बदलत होती.

"इथे आहे!" कीथ ओरडला. "हा घ्या! पहिला नंबर आला होता!"

"मर मेल्या," नेव्हिल पुटपुटला. "मी प्रेक्षक आहे. झेंडा घेतला तर मी सामना पाहिला असं धरायचं कसं?"

"आणि लाइनमन नाही म्हणून सामना मध्येच सोडला, तर ते कसं धरशील?"

बेथनी कुंपणाशी आली. "काका, येता का? तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"गोलच्या," नेव्हिल म्हणाला.

तिला ते फार निःपक्षपाती वाटलं. चारशे माणसांत ज्याला गोलची सगळ्यात जास्त भूक होती, नेमक्या त्याच्या हातात झेंडा गेला, आणि कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

तर नेव्हिल ऑग्डन लाइनवर धावू लागला. अंगात पावसाळी कोट, डोक्यावर लोकरी टोपी, टोपीला साठ-सत्तर क्लबांचे बिल्ले. धावताना तो देवळातल्या घंटांसारखा वाजत होता. ऑडबीच्या बचावपटूने तक्रार केली की लाइनमन वाजतोय, लक्ष लागत नाही. बेथनीने टोपी काढायला लावली. चाळीस वर्षं हा माणूस कुंपणामागून लाइनमनच्या नावाने बोंब मारत आला होता, "चष्मा घे रे!" आता कुंपण त्याच्या पाठीला होतं.

एकोणनव्वदावं मिनिट. शून्य-शून्य. ब्रिकवर्क्सच्या नऊ नंबरच्या खेळाडूकडे चेंडू आला. हा पोटापाण्याने प्लंबर, आणि पोटानेही भरपूर. तो वळला, पडता पडता लाथ मारली, आणि चेंडू जाळ्यात.

चारशे माणसं हवेत. डोरीनने ग्रेव्हीची पळी फेकली. कीथने अनोळखी बाईला मिठी मारली आणि थप्पड खाल्ली. सात वर्षं! वहीतलं कोरं पान नेव्हिलच्या डोळ्यांसमोर भरायला लागलं. तारीख, गोल, मिनिट.

पण नेव्हिलने पाहिलं होतं. चेंडू मारला गेला त्या क्षणी प्लंबरचे पाय शेवटच्या बचावपटूच्या बरोबरीत होते. डोकं बरोबरीत होतं. पोट पुढे होतं.

त्याने हात खाली ठेवायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला. हात ऐकेना. दोन मिनिटं मागे पडणारं फुकटचं घड्याळ ज्याला चाललं नाही, त्याला हे कसं चालणार? झेंडा वर गेला. ऑफसाइड, गोल रद्द.

हवेतली चारशे माणसं जमिनीवर आली.

"पोटाचा ऑफसाइड?" प्लंबर त्याच्या नाकाला नाक लावून ओरडला. "पोटाचा ऑफसाइड असतो का रे म्हाताऱ्या?"

"ज्या अंगाने गोल करता येतो ते सगळं धरतात," नेव्हिल म्हणाला. "आणि ईस्टरला तू पोटानेच गोल केलास. पेपरात आलंय."

"थांब, तुझ्या घरचा नळ करायला सोमवारी येणार होतो ना मी? आता बुडा!"

कुंपणामागून चारशे माणसं एका सुरात ओरडली, "चष्मा घे रे!" सगळ्यात मोठा आवाज कीथचा होता.

शेवटची शिट्टी झाली. शून्य-शून्य. आठव्यांदा.

नेव्हिल मैदानाच्या मधोमध उभा राहिला, हातात झेंडा तसाच. बेथनी हात मिळवून गेली. बाकी कुणी जवळ फिरकेना. मग चिखल तुडवत डोरीन आली. एका हातात चिप्स, दुसऱ्या हातात चेंडू. लोकांना वाटलं, यातलं काहीतरी डोक्यात घालणार. तिने चेंडू पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला.

"मार."

"शिट्टीनंतरचा गोल धरत नाहीत, डोरीन."

"वहीला घाल चुलीत. माझ्या मैदानावरून तू गोल न बघता जाणार नाहीस. कीथ, गोलमध्ये उभा राहा, आणि अडवलास तर याद राख!"

कीथ गोलमध्ये गेला आणि चेंडू यायच्या आतच एका बाजूला आडवा झाला. नेव्हिलने तीन पावलं मागे घेतली, धावला, मारला. चेंडू सरळ, हळू, लोळत लोळत रेषेपर्यंत गेला आणि चिखलात रुतून बसला. बरोबर रेषेवर.

"गेला, गेला!" डोरीन म्हणाली.

नेव्हिल गुडघ्यावर बसला, गाल चिखलाला टेकवून एक डोळा मिटून पाहिलं. "नाही. पूर्ण चेंडू पलीकडे जावा लागतो."

"मग फुंकर मार की, मुडद्या!"

त्याने मारली नाही. पण डोरीन हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि नेव्हिलने तिला धरायला हात पुढे केला तेव्हा झेंडा तिच्या कानात गेला.

सोमवारी सकाळी सातला मशीन आलं. फाटकात नेव्हिल उभा होता. पावसाळी कोट, बिल्ल्यांची टोपी, आणि परत मागायचा राहून गेलेला तो झेंडा. वर केलेला.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काय झालं?"

"ऑफसाइड."

"अरे, तू तोच ना? शनिवारचा? माझा भाचा आहे नऊ नंबरचा!" ड्रायव्हरने आवाज खाली आणला. "खरं सांग. पोट होतं पुढे?"

"वीतभर."

"मी पण त्याला तेच म्हणतो." त्याने इंजिन बंद केलं. "बरं. तुझं म्हणणं काय?"

"हे मैदान मी अजून पाहिलेलं नाही," नेव्हिल म्हणाला. "आठ वेळा आलो. पाहून झालं की न्या."

ड्रायव्हरने ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं की लाइनमनने झेंडा वर केलाय. ऑफिस काय बोललं ते लांबूनही ऐकू आलं. त्याने फोन खिशात टाकला आणि डोरीनच्या टपरीवर जाऊन चहा मागितला. त्याच दुपारी साहेब लोक गाडीतून आले, गाडी चिखलात रुतली, आणि ती ढकलायला प्लंबरसकट अकरा जण आले. येताना चेंडू घेऊनच आले.

तेव्हापासून रोज सकाळी सातला नेव्हिल फाटकात असतो. ग्लेनिस डबा देते आणि म्हणते की नळापेक्षा हे बरं, निदान घराबाहेर आहे. बिल्डर कोर्टात गेलाय. तिथून कागद येईपर्यंत मशीन फाटकाबाहेर उभं आहे. तोवर दर शनिवारी तीन वाजता किल्न लेनवर सामना होतो, जो येईल त्याला घेऊन, आणि आजवरचे दोन्ही शून्य-शून्य सुटले आहेत. गोल झाला की नेव्हिल पान भरेल, वही मिटेल आणि घरी जाईल, हे त्याने मशीनवाल्याला स्वतः सांगितलंय. तो शब्दाचा पक्का आहे, आणि आम्हा किल्न लेनवाल्यांची पंचाईत तीच आहे.

म्हणून ही विनंती. या शनिवारी या. तिकीट काढा, चिप्स खा, कुंपणाशी गर्दी करा. खेळता येत असेल तर बूट घेऊन या. आणि हात जोडून सांगतो, गोल तेवढा करू नका.