टेम्पोतला नायट्रोजन

सरकारी इमारतीतला एसी नेहमी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच बंद पडतो. खरं म्हणजे तो महिनाभर आधीच पडलेला असतो, पण साहेब लोकांना घाम फुटल्याशिवाय आम्हा दुरुस्तीवाल्यांची आठवण होत नाही. गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या एका सभागृहात असंच झालं. मी आणि माझा मेहुणा सकाळीच गच्चीवर चढलो. मोठ्या मशीनची तांब्याची नळी चिरून सगळा गॅस निघून गेला होता. मी नळी झाळून जोड घेतला.

जोड पक्का झाला का, हे बघायची रीत साधी आहे. नळीत दाब भरायचा, वरून साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. हा दाब नायट्रोजनचा द्यायचा असतो. आमचा नायट्रोजनचा सिलिंडर रिकामा निघाला. निघताना तो न बघण्याचा गाढवपणा माझाच, पण ओरडलो मी मेहुण्यावर. माझा स्वभावच तसा आहे, आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालतं. तणतणत टेम्पो काढला आणि दुसरा सिलिंडर आणायला नागापूरला गेलो. गच्चीवर झाळकामाचा ऑक्सिजन तेवढा राहिला.

परत येताना अर्ध्या रस्त्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सावकाश या. दाब दिलाय, फेस लावून बघितला. जोड पक्का हाय."

मी बरं म्हणून फोन ठेवला. पुढच्या गतिरोधकावर मागचा सिलिंडर खडखडला आणि मी ब्रेक दाबला. नायट्रोजन तर माझ्या टेम्पोत होता. मग यानं दाब कशाचा दिला?

लगेच फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते नगरचे म्हातारे उस्ताद ऑक्सिजन सिलिंडरच्या चावीला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायला लावायचे. जेवायच्या आधी धुवावेत तसे, नखांपर्यंत. ते म्हणायचे, "तेल आणि ऑक्सिजन एका घरात नांदत न्हाईत, बेटा." मशीनच्या पोटात तेल असतंच. तिथं दाबानं ऑक्सिजन भरला तर कधीकधी ठिणगीचीही गरज लागत नाही, लोखंड चिंध्या होऊन उडतं. हे मला पाठ होतं. आणि तरी दोन वर्षांपूर्वी बेलापूरला, एका कार्यालयात, असाच नायट्रोजन संपला असताना मी मेहुण्यासमोर ऑक्सिजन जोडला होता. काही झालं नाही. त्यानंतर चार-पाच वेळा तेच केलं, तेव्हाही काही झालं नाही. आता मला सारखी बायको दिसत होती. तिला तिच्या भावाचं काय सांगणार होतो मी? टेम्पो पळत होता आणि मला तो जागीच उभा वाटत होता.

सभागृहाच्या दारात शिपाई भेटला. म्हणाला, "साहेब म्हनले, चालू करून बघू का?"

"बटणाला हात लावलास तर हात तोडीन," मी म्हणालो. तो बिचारा मागे सरकला. मी आधी मेन स्विच पाडला, त्याला खालीच थांबवलं आणि जिना चढलो.

मेहुणा मशीनला पाठ टेकून भाकरी खात होता. सावली तेवढीच होती. दाबाचा काटा भरून उभा होता, आणि नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडलेली. मी त्याला हळूच म्हणालो, "भाकरी घे आणि खाली जा." माझा आवाज ऐकून तो तसाच उठला आणि जिन्याकडे गेला. मी न ओरडता बोललेलं त्यानं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं.

हात धुऊन मी सिलिंडर बंद केला आणि मशीनची चावी केसभर उघडली. ऑक्सिजन फुस्स करत निघत राहिला. तेवढा वेळ मी उभा कसा राहिलो, मला आठवत नाही. काटा शून्यावर आल्यावर खाली गेलो आणि पायरीवर बसलो. 

"चुकलं का काय, दाजी?" त्यानं विचारलं. "तुमीच तर बेलापूरला असं केल्तं."

"मी चुकीचं केलं होतं. मरता मरता वाचलास तू." हे त्याच्या तोंडावर सांगताना मला लाज वाटली. सगळं समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"दाजी," तो म्हणाला, "सुप्यात एसीचं काम करनारे दोघंजन हायेत. त्यांना मीच दाखवलंय हे."

मी तिथूनच त्यांना फोन लावायला घेतला. पहिल्यानं लगेच उचलला. शाळा, दवाखाने, बँका, सगळीकडची कामं करतो तो. त्यानं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि हसला. "कायबी होत न्हाई. आमी समदे असंच करतो."

"समदे म्हणजे कोण?" मी विचारलं.

तो एकेक नाव सांगू लागला. मेहुण्यानं खिशातलं जुनं बिल काढून पाठीमागे लिहायला घेतलं. कागद भरला तरी तिकडून नावं येतच होती.