रिकाम्या शेताचा फोटो

मरेपर्यंत ह्यांनी लातूर सोडलं नाही.
माल्टाला गेले तेव्हासुद्धा नाही.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. मेसमधल्या पोरी म्हणाल्या, काकू, काकांवर काहीतरी लिहा. लिहिते. मला गोड गोड लिहिता येत नाही, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमचे हे फोटोग्राफर. क्लासच्या गल्लीत खाली स्टुडिओ, वर घर, मागं माझी मेस. ॲडमिशनचा सीझन आला की पोरांची रांग पार रस्त्यापर्यंत.

हनुवटी वर. कान दिसू दे. हसू नको.

दिवसभर एवढंच बोलायचे. बिनखिडकीची खोली आणि पासपोर्ट फोटो. बाहेरची ऑर्डर घ्यायचे नाहीत, लग्नाचीसुद्धा नाही. मी लई भांडले. म्हटलं, शेजारचे क्लास मजल्यावर मजले चढवायलेत आणि तुम्ही इथं बिळात बसा.

ऐकून घ्यायचे. मग पुढच्या पोराला, हनुवटी वर.

लग्न झालं तेव्हा माणूस असा नव्हता हो. कॅमेरा घेऊन किनवटच्या जंगलात जायचे ते आठवडाभर पत्ता नसायचा. सागाची झाडं, धुकं, नदीचं वळण. फोटोत माणूस औषधाला सापडायचा नाही. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, म्हणायच्या, झाडांना कशाला रे फोटो लागतात?

मग भूकंप झाला.

ह्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या अक्का वन्सांचं सासर औशाकडं. हे तिला शोधायला गेले. गळ्यात कॅमेरा होता म्हणून सरकारी साहेबांनी फोटो काढायलाही लावले. परत आले, अक्का गेली एवढंच बोलले आणि अंघोळीला गेले.

त्यानंतर जंगल बंद, सगळंच बंद.

आमची शुभांगी माल्टात नर्स आहे. माल्टा म्हणजे समुद्रातलं एवढंसं बेट. तिनं लहानपणी ते किनवटचे फोटो पाहिलेले. ती मागं लागली, पप्पा, मार्चमध्ये या, सगळं बेट फुलतं. मला भिंतीवर लावायला एक फोटो काढून द्या. नुसती फुलं आणि समुद्र. तुमच्या जुन्या फोटोंसारखा, माणूस नको त्यात.

हे हो म्हणाले! मला वाटलं, सुटला एकदाचा हा माणूस त्या खोलीतून. आणि मीपण.

बया, काय ते बेट. आपल्याकडं मार्चमध्ये रान वाळून कोळ झालेलं असतं. तिथं गुडघाभर पिवळी फुलं, शेतांच्या कडेला नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती आणि खाली निळंशार पाणी.

हे कॅमेरा लावायचे. बघायचे. मग म्हणायचे, "तू उभी राहा."

समुद्र आणि मी. कडा आणि मी. मिठागरं आणि मी. वाऱ्यात पदर सांभाळून सांभाळून हात दुखले. पोरीचं तोंड उतरलं होतं.

शेवटच्या दिवशी मी बसकण मारली. म्हटलं, आज नाही उभी राहणार. पोरीनं एक फोटो मागितलाय, तेवढा काढा.

हे शेजारी येऊन बसले. आणि तिथं, त्या फुलांत, पहिल्यांदा सांगितलं.

भूकंपाच्या त्या सकाळी हे अक्काच्या गावच्या टेकाडावर चढले होते. सगळं गाव सपाट. ऊन नुकतं आलेलं, धूळ सोन्यासारखी चमकत होती, माणूस कुठं दिसत नव्हता. जुन्या सवयीनं क्लिक केलं. संध्याकाळी ढिगाऱ्याखालून अक्काला काढली ती तिथूनच. फोटोच्या बरोबर मधोमध. रोल साहेबांनी नेला होता. पुढं तो फोटो कुठल्याशा प्रदर्शनात लागला आणि एकानं ह्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, काय लँडस्केप आहे!

"मी रिकामं समजून काढला गं," म्हणाले. "आता रिकामं दिसलं की हात गार पडतो. माणूस उभं असलं की कळतं, वर हाय. खाली न्हाई."

मला रडू नाही आलं. राग आला. भूकंपाचा, त्या साहेबाचा, त्या शहाण्याचा. इतकी वर्षं हा माणूस एकटा हे घेऊन बसला आणि मी ह्यांच्याशी दुकानावरून भांडत होते. म्हटलं, द्या तो कॅमेरा इकडं. मी काढते. त्यात काय एवढं!

ह्यांनी कुठं दाबायचं ते दाखवलं. आधी स्वतः फुलांत जाऊन उभे राहिले, मला जमतंय का बघायला. एक काढला. चांगला आला.

मग ते बाजूला झाले. भिंतीपलीकडं गेले, दिसेनासे झाले.

मी डोळा लावला. फुलं, भिंत, समुद्र. पोरीला पाहिजे होतं अगदी तसं.

मघाशी हे जिथं उभे होते तिथं फुलं हलत होती.

माझ्या बोटानं बटण दाबलंच जाईना. मी ओरडले, "अहो, या इकडं! परत उभं राहा तिथं!"

धावत आले, ह्या वयात, भिंत ओलांडून. जागेवर जाऊन उभे राहिले, तेव्हा बटण दाबलं गेलं.

शुभांगीच्या भिंतीवर तोच फोटो आहे, पप्पांसकट. आम्ही लातूरला आलो आणि दुसऱ्या दिवशी हे परत स्टुडिओत. ॲडमिशनच्या गर्दीतच छातीत कळ आली.

तोच इथंही लावलाय, आज त्याला हार घातला. घालताना हळूच हाक मारली, अहो, या इकडं. पोरी पंगतीला बसल्या होत्या, कोणाला ऐकू जायला नको म्हणून हळू.

त्या दिवशी एका हाकेत आला होतात हो.

भावपूर्ण वगैरे लिहायला माझा हात चालत नाही. सुखात राहा. वन्सांना माझा नमस्कार सांगा.