जेवढा आत, तेवढाच भायर

जमिनीवर कुणाचं काय चाललंय याची चौकशी करणारं माणूस आमच्या सिंधुदुर्गात घरटी एक तरी सापडेल. पण जमिनीखाली काय चाललंय याची सदासर्वदा काळजी वाहणारी मी पाहिलेली एकमेव व्यक्ती म्हणजे माझी हॉस्टेलमधली रूममेट. मालवणच्या किनाऱ्यावर तिच्यासोबत उभं राहिलं की बाकीचे लोक बघतात ते तिला दिसतच नसे. होड्या, लाटा, रापणीच्या जाळ्याला काय मिळालं, सगळं तिच्या लेखी फुकट. ती दूर पाण्याकडे बघत विचारायची, "ह्येच्या खाली काय आसतला गो?" पहिल्यांदा मी भाबडेपणानं "मासे" असं उत्तर दिलं. "त्येच्या खाली?" मी म्हटलं, रेती. "त्येच्याय खाली?" इथं मी हात टेकले. तिच्याशी गप्पा मारायला बसलं की ती बघता बघता खोल पाताळात पोचायची आणि आपण वर किनाऱ्यावर चपला हातात घेऊन उभे.

आम्ही दोघी कणकवलीजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला होतो. मी वैभववाडीकडची. घरी भातशेती आणि काजू. चुलतभावाची मेकॅनिकलची पुस्तकं माळ्यावर पडून होती, ती वाया जाऊ नयेत असं बाबांचं मत पडलं, म्हणून मी मेकॅनिकलला गेले. ती मात्र पूर्ण शुद्धीत, ठरवून आली होती. तिला समुद्रात तेलाच्या विहिरी खोदायच्या होत्या. घर मालवणजवळचं ख्रिश्चन, निम्मं गणगोत गोव्यात, आणि पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरीला. नाताळाला सगळे जमले की गोव्याचे काका तिला शहाणपण शिकवत. "बोटीर जावचा आसा तर किचनात जा, नायतर नर्स हो. भोकां कसली पाडतंस?" त्यावर ती शांतपणे केकचा तुकडा मोडत म्हणायची, "अंकल, बोट चलता. माका एका जाग्यार रवणारी व्हयी." काकांचा उपदेश पुढच्या नाताळापर्यंत लांबणीवर पडे.

तिसऱ्या वर्षाला तेलविहिरींच्या ड्रिलिंगचा ऐच्छिक विषय होता. शिकवणारे सर उमेदीची वर्षं रिगवर, म्हणजे समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या खोदाईच्या फलाटावर, काढून आंब्यांच्या ओढीनं गावी परतलेले. आमच्या जिल्ह्यात तेल मिळतं ते नारळातून, त्यामुळे वर्गातल्या शहाण्या मुलांनी ऑटोमोबाइल घेतलं. पुरेशी मुलं नसतील तर विषयच रद्द होणार होता. मग काय, ही ग्रामपंचायतीला उभी राहिल्यासारखी खोल्याखोल्यांतून प्रचाराला निघाली आणि पहिला बळी अर्थातच शेजारच्या कॉटवरचा गेला. विषय घेतला नसता तरी तो मला वर्षभर ऐकावा लागणारच होता, तेव्हा निदान मार्क तरी मिळावेत असा मी व्यवहारी विचार केला. आयुष्यात इतका फायद्याचा व्यवहार मी पुन्हा केलेला नाही.

या विषयात चिखलाला फार मान आहे. विहीर खोदताना नळ्यांतून आत एक खास कालवलेला चिखल सोडतात. तो तळाशी जातो, खोदलेला भुगा घेऊन वर येतो आणि टाकीत पडतो. तो किती दाट, किती जड, यावर सगळी मदार. झालं. त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक पातळ पदार्थाकडे ती संशयानं बघू लागली. दाटपणा मोजायचं एक नरसाळं असतं, तसलं एक तिनं कट्टा गावच्या बाजारातून पैदा केलं आणि सुट्टीत घरी नेलं. मी सोबत होते. रविवारी सकाळी तिच्या आईनं घावन्यांचं पीठ कालवलं, तर ही नरसाळं आणि घड्याळ घेऊन हजर. पीठ नरसाळ्यातून किती वेळात खाली येतं ते बघायचं होतं. पहिल्या खेपेला पटकन आलं. दुसऱ्या खेपेला तांदळाची कणी अडकली आणि येईचना. मग काडी घाला, फुंकर मारा, पुन्हा गाळा. तिची आई तवा तापवून उभी, बाबा चर्चला जायचे कपडे चढवून उभे. शेवटी ते बिचारे कालच्या पावावर भागवून बाहेर पडले आणि आई म्हणाली, "चेडवा, पीठ तव्यार घालूचा आसता. नळकांड्यात नाय." ही नरसाळ्यात डोळा घालून म्हणाली, "माय, रिगवर असा झाला असता तर आज सगळो धंदो बंद." आई म्हणाली, इथंही बंदच आहे.

घाई हा शब्द तिला माहीत नव्हता. आमच्या खोलीत कॅलेंडर टांगायला एक खिळा हवा होता. दुसऱ्या कुणी हातोडी मारून मोकळं झालं असतं. तिनं वर्कशॉपमधून हातानं फिरवायचं ड्रिल आणलं आणि लागोपाठच्या रविवारच्या सकाळी त्या भिंतीला वाहिल्या. थोडं फिरवायचं, बाहेर काढायचं, भुगा तळहातावर घ्यायचा, उजेडात धरायचा, हुंगायचा. "गिलावो संपलो," ती जाहीर करायची. मग पुन्हा थोडं. "आता चिरो लागलो. बरो आसा, घट्ट आसा." वॉर्डनबाई दारातून डोकावल्या तर त्यांच्याही हातावर तिनं जांभ्या चिऱ्याचा लाल भुगा ठेवला. बाईंनी तो प्रसादासारखा मुठीत धरला आणि निघून गेल्या. मी कुरकुरले, तेव्हा ती म्हणाली, "भोक कोणय पाडीत. आपण खंय पोचलंव ता कळूक व्हया." कॅलेंडर लागलं तेव्हा तो महिना संपत आला होता.

पण तिचं खरं दैवत म्हणजे टाकीची पातळी. सरांनी पहिल्याच आठवड्यात काचेची नळी आणि बादली घेऊन शिकवलं होतं की विहिरीत जेवढा चिखल सोडला तेवढाच परत आला पाहिजे. टाकीतली पातळी आपोआप वर चढू लागली, म्हणजे आत घातल्यापेक्षा जास्त बाहेर येऊ लागलं, की समजावं, खाली कुठंतरी गॅस आत घुसलाय आणि तो चिखलाला वर ढकलतोय. वर सगळं छान भरभरून वाहताना दिसतं आणि खाली स्फोटाची तयारी चाललेली असते. अशा वेळी आधी विहिरीचं तोंड बंद करायचं, दाब किती आहे तो बघायचा, आणि मग जड चिखल आत सोडत सोडत तो गॅस अगदी सावकाश बाहेर काढायचा. आम्ही हे परीक्षेसाठी लिहून घेतलं. तिनं ते आयुष्याला लावून घेतलं. "जेवढा आत, तेवढाच भायर," हे ती ऊठसूट म्हणायची. मेसमध्ये एकदा पहिल्या पंगतीचं वाढून झालं तरी आमटीचा टोप होता तेवढाच भरलेला राहिला. सगळ्या मुली अन्नपूर्णेचं कौतुक करत जेवत होत्या. ही टोपापाशी जाऊन गंभीरपणे म्हणाली, "काकी, ह्या टोपात खालसून पाणी येता." मेसवाल्या काकी आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत, पण आमटी मात्र दाट झाली.

माणसांनाही ती हाच नियम लावायची. मालवण-कणकवली एस.टी.ला एक कंडक्टर काका होते, तिकिटाव्यतिरिक्त शब्द न बोलणारे. एकदा ते कट्ट्यापासून जे विनोद करत सुटले ते थांबेचनात. सारी गाडी हसत होती. ही हसली नाही. तिकीट घेताना हळूच म्हणाली, "काका, आज तुमचा जास्ती येता." काका पंच खिशात घालत म्हणाले, "काल चेडवाक सासरी धाडलंय गो. रजा गावली नाय, म्हणान ड्युटीर इलंय." मग ते आमच्या पुढच्या सीटवर बसले आणि कणकवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरल्यावर मी तिची थट्टा केली की आता तू माणसांनाही टाक्या समजायला लागलीस. ती म्हणाली, समजायला काय, आहेतच.

त्याच वर्षी माझी आई गेली. अचानक, दोन दिवसांच्या तापानं. दिवसकार्य उरकून मी हॉस्टेलला परतले ती अगदी हसतमुख. मैत्रिणी गळ्यात पडल्या, त्यांना मीच धीर दिला. मेसमध्ये सगळ्यांची ताटं उचलली, गावच्या बायकांच्या नकला करून टेबलं हसवली, कुणाकुणाची जर्नल्स पुरी करून दिली. वॉर्डनबाई म्हणाल्या, मुलगी धीराची आहे. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मी कॉलेज सोडणार होते. घरी बाबा आणि धाकटा भाऊ. दोघांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. मला सोड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं. शनिवारच्या गाडीनं जायचं आणि परत यायचं नाही, एवढं ठरवून मी बॅग भरून कॉटखाली सरकवली होती.

शुक्रवारी दुपारी मी खोलीत कुठलासा किस्सा रंगवून सांगत होते. ती ऐकत होती. मध्येच उठली, दाराला आतून कडी घातली, खिडकी ओढून घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "तुजा जास्ती येता," ती म्हणाली. "आठ दिस बघतंय. कोण काय घालणा नाय, आणि तुज्यातसून भायर येताच आसा." मी हसून पुढचा किस्सा सुरू करायला गेले. "ऱ्हवांदे," ती म्हणाली, "आधी बंद करुया. मगे बघूया दाब कितको आसा." आणि ती खरंच नुसती बसून राहिली. लेक्चरची वेळ झाली, कुणी दार वाजवलं, तिनं उत्तर दिलं नाही. मग मी सांगू लागले. आई, ताप, बाबांचा चेहरा, बॅग, सगळं एका दमात सांगायला गेले तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सावकाश. एकदम उघडलंस तर खालचा सगळा वर येतला. मगे तू रवाचंस नाय, मी पण रवाचंय नाय." असं ती मला थांबवत, पुन्हा बोलतं करत, थोडं थोडं बाहेर काढत राहिली. मध्ये खाली जाऊन मेसमधून पेज आणि लोणच्यातली कैरी घेऊन आली. आमटी प्रकरणानंतर काकींनी ती तिला कशी दिली कोण जाणे. मी नको म्हटलं तर म्हणाली, "खा. हलक्या चिखलार भोक रवणा नाय." एवढ्या सगळ्यातही मला राग आला. "माका भोक म्हणतंस?" "बरा भोक आसा," ती म्हणाली, "म्हणान तर वाचवतंय." मग मी रडले, आई गेल्यापासून पहिल्यांदा.

शनिवारी ती माझ्यासोबत वैभववाडीच्या गाडीत बसली. माझी बॅग मात्र तिनं हॉस्टेलवरच ठेवायला लावली. घरी पोचल्यावर तिनं सांत्वनाचं अक्षर काढलं नाही. सरळ बाबांना आणि भावाला गॅससमोर उभं केलं आणि टोपात तांदूळ घालायला लावले. "बाबा, टोपार नजर. वर येवक लागला की ज्योत कमी करा. घाबरान झाकण घालू नकात." पहिली पेज उतू गेली, दुसरी करपली, तिसरी चौघांनी मिळून खाल्ली. खाता खाता तिनंच बाबांना विचारलं, ही कॉलेज सोडतेय, ठाऊक आहे का तुम्हाला? बाबांनी ताट बाजूला सारलं. "माका वाटला, हिका घराकडे रवाचा आसा," ते म्हणाले. "विचारलंय तर रडतली, म्हणान गप रवलंय." मी त्यांच्यासाठी सोडत होते आणि ते माझ्यासाठी गप्प होते. सोमवारी मी परत वर्गात होते.

आज मी कणकवलीत मुलांना मेकॅनिकल शिकवते. बाबा अजून पेज करताना गॅससमोरून हलत नाहीत, जणू टोप पळून जाणार आहे. आणि ती समुद्रात आहे, एका जागी उभ्या राहिलेल्या रिगवर, तिच्या मनासारखी. माझ्या हातात आज जे काही आहे, डिग्री, नोकरी, बाबांशी मोकळेपणानं बोलायची सवय, त्यातलं बरंचसं तिनं त्या दुपारी दाराला घातलेल्या कडीचं आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, एवढं बोलतेस म्हणजे काय झालंय?

या नाताळाला तिला रजा मिळाली नाही. मी सकाळीच मालवणला तिच्या घरी गेले होते. नेवऱ्या, म्हणजे नाताळच्या करंज्या, करून झाल्यावर तिच्या आईनं घावन्यांचं पीठ आणि तवा माझ्या ताब्यात दिला आणि स्वतः चर्चकडे गेली. तेवढ्यात रिगवरून हिचा फोन आला. ती बोलू लागली. रिगवर केक कापला, कॅप्टननं सांताची टोपी घातली, कोण नाचलं, कोण पडलं, समुद्र कसा शांत आहे, जेवण किती झकास आहे, मी बरी आहे, अगदी बरी आहे. मी हसत होते. मग हसता हसता थांबले. हिनं आजवर कधी फोनवर एवढं सांगितलेलं नाही.

"जास्ती येता गो," मी म्हटलं.

पलीकडे ती यंत्रांच्या घरघरीपासून दूर सरकल्यासारखी वाटली. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "सकाळधरान माका घावन्यांचो वास येता. हडे कोण करणा नाय. खंयसून येता काय माहीत."

मी गॅस बंद केला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि स्टूल ओढून त्यावर बसले.

"सांग," मी म्हटलं. "पण सावकाश. माका खंय जावचा नाय."