हळदीच्या बोटांची सही

घरी हळदीचा डबा उघडला की मला वसतिगृहाचा तो फॉर्म आठवतो. बारावी झाली होती, कुरुंद्याच्या आमच्या अंगणात हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता आणि मला नांदेडला शिकायला जाण्यासाठी वडिलांची सही हवी होती. “पोरीनं इतक्या लांब काहून जायचं?” एवढंच ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटच्या तारखेला त्यांनी स्वतःच फॉर्म मागून घेतला, पिवळ्या बोटांनी सही केली आणि पुन्हा ड्रम फिरवू लागले. त्याच वर्षी कॉलेजात मॅडमनी ‘अ‍ॅक्विएस’ हे इंग्रजी क्रियापद शिकवलं. मनाला पटलेलं नसताना, काही न बोलता मान्य करणं, असा त्याचा अर्थ. वाक्य विचारल्यावर मी उभी राहून वडिलांच्या सहीचंच वाक्य सांगितलं. “अगदी बरोबर,” मॅडम म्हणाल्या. इंग्रजीत माझं उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. दिवाळीत वडिलांनी विचारलं, “काय शिकून राहिलीस, बाई?” मी तो शब्द सांगितला. “मतलब काय त्याचा?” मला एकदम संकोच वाटला. “अवघड हाय,” म्हणून मी टाळलं. “व्हय, आमाला काय समजंल ते,” म्हणत ते हसले. आता ते नाहीत. तो शब्द मला त्यांच्यामुळेच समजला होता, एवढं सांगायचं राहून गेलं.