पाणकाकू

वसाहतीत नवी नवरी आली की बाकीच्या बायका तिला आधी उखाणा घ्यायला लावत. पाणकाकू तिच्या हातात चहाचा कप देत आणि विचारत, "पोहता येतं का गो तुला?"

मलाही त्यांनी हेच विचारलं. तीस सालानंतरचे ते दिवस. माझे यजमान दारणा धरणाच्या कचेरीत कारकून होते, आणि लग्न होऊन मी नाशिकहून तिथल्या चाळीत राहायला आले होते. मी नाही म्हटलं.

"नाशकाची ना तू? गंगेकाठची?"

"काठचीच," मी म्हणाले. "आम्ही पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करतो."

काकू हसल्या नाहीत. माहेरहून दुखणं घेऊन आलेल्या मुलीकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे. रविवारी बघू."

काकूंचे यजमान धरणावर ओव्हरसियर. काकूंचं माहेर रत्नागिरीकडचं, अगदी खाडीच्या काठावर. लग्न होऊन घाटावर आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी विहिरीच्या पाण्यावर काढली होती. मग काकांची बदली धरणावर झाली. इथलं भरलेलं तळं पाहून त्या सामानाच्या बैलगाडीतून खाली उतरल्या त्या घरात न जाता थेट पाण्यात गेल्या, असं चाळीत सांगत. मी त्यांना एकदा खरंखोटं विचारलं. "सामान कुठं पळून जाणार होतं?" त्या म्हणाल्या. काका मात्र पाण्याला भयंकर भीत. धरणाचे दरवाजे उघडायचे-मिटायचे त्यांच्या देखरेखीखाली, पण घोट्याच्या वर पाणी आलेलं त्यांना खपत नसे.

पावसाळा सरून तळं निवळलं की रविवारी दुपारी काकू चाळीतल्या बायकांना घेऊन निघत. मोठ्या खडकांच्या आड तळ्याची एक खोबण होती. तिथं उतार हलका होता आणि कळसूबाईची रांग समोर दिसे. बरोबर दशम्या, लसणाची चटणी आणि घोटीच्या बाजारातले चुरमुरे. नऊवारीचा काचा घट्ट मारून सगळ्या पाण्यात उतरत. माझ्या पाठीला काकूंनी वाळका भोपळा बांधला. मी हातपाय इतके झाडले की शेजारणी लांब सरकल्या. "अगो नाशिककरणी," काकू म्हणाल्या, "पाण्याला भांडखोर माणूस आवडत नाही. गप राहा जरा." तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी गप राहिले. कान पाण्याखाली गेले, चाळीतले सगळे आवाज बंद झाले, आणि वर नुसतं आभाळ. सासर-माहेर दोन्हीकडे न मिळालेली शांतता मला तिथं मिळाली. त्यानंतर रविवार कधी येतो असं मला होऊन जाई.

एका हिवाळ्यात टेकडीवरच्या बंगल्यात मोठे साहेब मुक्कामाला आले. बरोबर मडम आणि मुंबईची पाहुणेमंडळी. पांढऱ्या शिडाची होडी घेऊन ते तळ्यावर फिरत. एका रविवारी ती होडी वळून एकदम आमच्या खोबणीतच शिरली. आम्ही सगळ्या गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. होडी निघून गेली, पण दुसऱ्या दिवशी काकांबरोबर हुकूम आला: बायकांनी तळ्यात उतरायचं नाही.

"साहेबांना ते बरं दिसलं नाही," काका खाली मान घालून म्हणाले. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

पुढच्या रविवारी चाळीतल्या बायका दारात बसून तांदूळ निवडत राहिल्या. संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली. "उद्या माझ्याबरोबर बंगल्यावर चल," त्या म्हणाल्या. "काकांना सांगू नकोस. त्यांना झोप लागायची नाही."

बंगल्याच्या व्हरांड्यात मडम एकटीच विणत बसली होती. साहेब होडीवर गेले होते. वाटभर घोकलेलं वाक्य मी विसरले.

काकू म्हणाल्या, "आधी विचार, हिला पोहता येतं का."

मी विचारलं. मडमेनं विणकाम मांडीवर ठेवलं. तळ्याकडे पाहत ती सावकाश, मला समजेल असं बोलली. तिला पोहता येत नव्हतं. होडी कलली की ती डोळे मिटून घेई, आणि हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. मी काकूंना सांगितलं.

"अरे देवा," काकू हळूच म्हणाल्या. "आणि रोज बसते त्या होडीत? सांग तिला, उद्या दुपारी ये म्हणावं."

त्यात नसलेलं 'कृपा करून' मी पदरचं घातलं.

ती आली. लांब झगा घालून, दातांवर दात दाबून, आमच्यासारखाच भोपळा बांधून पाण्यात उतरली. काकू तिच्याशी सरळ मराठीत बोलत आणि तिला ते समजे. आठवडाभर ती येत राहिली. शेवटच्या दिवशी एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत एकटी गेली, आणि खडकाला धरून हसता हसता रडायला लागली. काकूंनी पुढे होऊन तिचे ओले केस कपाळावरून मागे सारले. मग तिला दशमी दिली. तिनं ती चटणीसकट खाल्ली.

नवा हुकूमही काकांनीच आणला: दुपारच्या वेळी कुठलीही होडी त्या खोबणीकडे न्यायची नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा झाला होता.

पुढं काकांची बदली येवल्याला, रस्त्यांच्या कामावर झाली. तिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीही ओढ. घोटी स्टेशनवर आम्ही सगळ्या डोळे पुसत होतो आणि काकू वळकट्या मोजत होत्या.

काकू देवाघरी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या येवल्यास असताना मी एकदाच त्यांना भेटले. मनमाडला गाडी बदलून, त्यांची समजूत कशी घालायची याचा विचार करत गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या विणकराच्या घरातून हसण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर काकू विणकराच्या बायकोजवळ बसून रेशीम उकलत होत्या. बोटं जांभळी झालेली, केसांतही एक धागा अडकलेला. मला पाहताच त्यांनी सरकून जागा केली आणि एक लड माझ्या हातात दिली. मी ती संध्याकाळपर्यंत गुंतवून ठेवली. माझी समजुतीची वाक्यं मनातच राहिली.

निघताना त्या टांग्यापर्यंत आल्या. "पुढच्या खेपेला चार दिवस राहायला ये," त्या म्हणाल्या. "एका दिवसात काय शिकणार तू?"